‘स्ट्रॅटेजी मॅप’ला मराठीत काय म्हणावं? आणि चौकटीत ‘वाढणे’ की ‘वाढवणे’?

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा आहे. संचालकांपुढे ‘स्ट्रॅटेजी मॅप’ (कशामुळे काय घडेल, हे चौकटी आणि बाणांनी दाखवणारं एका पानाचं चित्र) मराठीत मांडायचा आहे. एक जण ‘धोरणात्मक आराखडा’ लिहा म्हणतो, दुसरा ‘रणनीती नकाशा’. बरोबर कोणतं?

माझं मत ‘व्यूहरचनेचा नकाशा’ला. धोरण म्हणजे पॉलिसी, जसं राज्याचं 1994 चं महिला धोरण. काय करायचं आणि काय नाही, याची चौकट धोरण आखून देतं. हाताशी असलेलं बळ कुठं आणि कशाच्या आधाराला उभं करायचं, हा प्रश्न वेगळा. मूळ ग्रीक ‘स्ट्रॅटेगॉस’ म्हणजे सेनापती, तेव्हा ‘रणनीती’ अर्थानं चुकीची नाही. पण रण म्हटलं की शत्रू शोधावा लागतो. मोंढ्यातला अडत्या शत्रू म्हणावा, तर उद्या सौदा त्याच्याशीच. ‘व्यूहा’त भर मांडणीवर आहे. चक्रव्यूहाची आठवण होते हे खरं, पण निवडणुकीच्या बातम्यांनी ‘व्यूहरचना’ केव्हाच रुळवली आहे.

आता नकाशा की आराखडा. गावनकाशात शिव, पांदण, ओढा दिसतो; कुठून कुठं जाता येतं ते कळतं. आराखड्यात काय उभारायचं, किती खर्चात, कधीपर्यंत आणि कोणी, हे येतं. स्ट्रॅटेजी मॅपमध्ये तारखा नसतात, रक्कम नसते. फक्त कशामुळे काय घडेल, याचे बाण असतात. त्याला आराखडा म्हटलं की संचालक लगेच खर्चाचा रकाना मागतात आणि बाणांवरची चर्चा राहून जाते.

रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन या व्यवस्थापनतज्ज्ञांनी 1992 मध्ये ‘बॅलन्स्ड स्कोअरकार्ड’ मांडलं, म्हणजे कंपनीचं काम नुसत्या पैशावर न मोजता चार बाजूंनी मोजायची पद्धत. नकाशा त्यातूनच पुढे आला. त्यात चार थर असतात. वरून खाली पैसा, ग्राहक, आतलं कामकाज, आणि तळाला माणसं व त्यांची कौशल्यं. (‘लर्निंग अँड ग्रोथ’चं ‘शिक्षण व वाढ’ करू नका, शाळेचा अहवाल वाटतो.) ग्राहकाच्या थरात सभासदाला बसवायचं की माल घेणाऱ्या गिरणीला, हे आधी ठरवा. सभासद हा मालकही असतो, त्यामुळं इथं गोंधळ हमखास होतो.

खरी गंमत क्रियापदांत आहे. इंग्रजीत ‘इन्क्रीज’ दोन्हीकडे चालतं. मराठीत वाढणे आणि वाढवणे वेगळे. तसेच टिकणे–टिकवणे, वाळणे–वाळवणे. खालच्या दोन थरांत ‘-वणे’वालं किंवा दुसरं सकर्मक क्रियापद हवं: ओलावा मोजायला शिकवणे, माल वाळवणे, चाळणे. वरच्या दोन थरांत आपोआप घडणारं: माल परत येणं थांबणे, गिरणीचा विश्वास टिकणे, सभासदाच्या हाती पडणारी रक्कम वाढणे. वर ‘नफा वाढवणे’ लिहिलं, तर विचारा, ‘उद्या सकाळी हे कोण करणार?’ उत्तर मिळत नाही, कारण ते काम नसून फळ आहे. खाली नुसतं ‘माल वाळणे’ लिहिलं की कोणीच वाळवत नाही. हमीभाव खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची नेहमीची मर्यादा 12 टक्के (2024 च्या हंगामात ती 15 पर्यंत सैल केली होती). माल परत येतो तो याच चौकटीपाशी.

बाण तपासायला शब्द एकच: ‘म्हणून’. खालून वर वाचा. ‘माल वाळवला, म्हणून तो परत आला नाही’ हे बसतं. जिथं ‘म्हणून’ऐवजी ‘मग’ बसतो, तिथं नुसता क्रम आहे. ‘गाडी आली, मग काटा केला’ ही प्रवाह-आकृती झाली, तिला वेगळा कागद द्या. जिथं ‘आणि’च बसतो, तिथला बाण खोडा. एकूण 15 ते 20 चौकटींच्या वर गेलात, तर प्रत्येकातून प्रत्येकात बाण जातो आणि नकाशा वाचता येत नाही.

‘कॉजल लूप’ची, म्हणजे परिणाम फिरून मूळ कारणावरच कसा येतो हे दाखवणारी, आकृती काढणार असाल (मी तिला ‘कारणांचा फेरा’ म्हणतो), तर नियम उलटा. तिथं क्रियापद नकोच, नुसतं नाम. ‘आवक’ ते ‘भाव’ बाणावर उणे, कारण आवक वाढली की भाव उतरतो. ‘भाव’ ते ‘आवक’ बाणावर अधिक, कारण भाव वाढला की आवकही वाढते. फेऱ्यातले उणे मोजा. विषम असतील तर फेरा स्वतःला सावरतो. सम असतील, किंवा एकही नसेल, तर तो फुगत किंवा घसरत जातो. इथं उणे एकच, म्हणून हा सावरणारा. चौकटीत ‘भाव पडणे’ लिहिलंत, तर ‘भाव पडणे कमी होणे’ असं वाचावं लागतं आणि चिन्हं हमखास चुकतात.

राहिलं स्कोअरकार्ड. ‘समतोल गुणपत्रक’ म्हणा. ‘ताळेबंद’ अजिबात नको. लेखापरीक्षक बॅलन्स शीट पुढे करेल.