विकेंद्रित एआय कॉम्प्युटिंगमधल्या महत्त्वाच्या संज्ञा कोणत्या? घरचं ग्राफिक कार्ड लावून खरंच पैसे मिळतात का?

नोड, टोकन, स्टेकिंग, स्लॅशिंग, डीपिन अशी यादी देऊन तुम्ही शेवटी सहज विचारलंय, "स्टेकिंग म्हणजे एफडीसारखंच ना?" बाकीचं कोणीही सांगेल. मी लिहायला बसलो तो या वाक्यामुळे. हेच वाक्य आमचे साडू २०२३च्या मे महिन्यात, माझ्या गिरगावच्या खोलीत, माझ्याच खुर्चीत बसून बोलले होते.

स्टेकिंग म्हणजे एफडी नव्हे, मंगल कार्यालयाचं डिपॉझिट. हॉल घेताना पैसे भरायचे. ताटं फुटली, हॉल वेळेत रिकामा केला नाही, की त्यातून कापतात. इथेही, म्हणजे घरोघरची मशीन जोडून एआयचं काम भाड्याने करणाऱ्या नेटवर्कमध्ये, मशीन लावणारा, म्हणजे नोड चालवणारा, आपली टोकनं, म्हणजे त्या नेटवर्कची डिजिटल नाणी, अडकवून ठेवतो. काम अर्धवट टाकलं किंवा खोटं उत्तर दिलं की त्यातली काही जप्त होतात. त्या जप्तीचं नाव स्लॅशिंग. व्याजासारखं काहीतरी मिळतं, पण तेही टोकनातच, आणि टोकनाचा भाव उद्या काय असेल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. मनात आलं की काढूनही घेता येत नाही. कॉसमॉस हब नावाच्या ब्लॉकचेनवर (ब्लॉकचेन म्हणजे अनेकांच्या मशीनवर ठेवलेली, कोणा एकाला बदलता न येणारी व्यवहारांची वही) अडकवलेली टोकनं सोडवायला २१ दिवस लागतात. त्या २१ दिवसांत भाव पडला तर नुसतं बघत बसायचं.

आता आमची गोष्ट. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या ब्लॉकचेनने प्रूफ ऑफ वर्क (कार्डांनी गणिती कोडी सोडवून नाणी मिळवणं, म्हणजेच मायनिंग) सोडून प्रूफ ऑफ स्टेक (टोकनं अडकवून व्यवहार तपासणं) घेतलं. तिथलं मायनिंग त्या दिवशी संपलं आणि रात्रंदिवस राबलेली ग्राफिक कार्डं बेकार होऊन सेकंडहँडला आली. लॅमिंग्टन रोडवर मी अकरा वर्षं कॉम्प्युटर असेंबलिंग केलंय. मायनिंगमध्ये पिळलेलं कार्ड मी हातात घेऊन ओळखतो. थर्मल पॅडमधून तेल सुटलेलं असतं, पंखा बोटाने फिरवला की खरखरतो. साडूंनी कुठलेसे व्हिडिओ बघून ठरवलं होतं की आता मायनिंग नाही, एआयसाठी कार्डं भाड्याने द्यायची. "विकेंद्रित आहे, मालकच नाही कोणी, सगळा नफा आपला." कार्डं निवडायची मी, पैसे निम्मे-निम्मे, आणि जागा माझी, कारण आईच्या पश्चात चाळीतली खोली बंदच होती.

दोन आरटीएक्स ३०९० घेतली. प्रत्येकी २४ जीबी मेमरी. एआयच्या कामात कार्डाच्या वेगाआधी मेमरी मोजतात, हे साडूंना शेवटपर्यंत पटलं नाही. ७० अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे शिकून साठवलेल्या इतक्या आकड्यांचं, मॉडेल दर आकड्याला १६ बिट धरून ठेवायला नुसत्या आकड्यांनाच १४० जीबी लागतात. ४ बिटमध्ये दाबलं तर ३५, म्हणजे आमच्या दोन कार्डांत मिळून कसंबसं मावतं. हे झालं इन्फरन्स, तयार मॉडेलला प्रश्न विचारून उत्तर काढणं. ट्रेनिंग, म्हणजे मॉडेल घडवणं, घरच्या कार्डांवर पसरून करायचं तर अडतं ते इंटरनेटवर. डेटा सेंटरमधली एच १०० कार्डं एनव्हीलिंकवर, म्हणजे कार्डाला कार्ड जोडणाऱ्या खास जोडणीवर, सेकंदाला एकूण ९०० गीगाबाइटपर्यंत बोलतात. चाळीतल्या १०० एमबीपीएस लाइनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट जातात. यावर उपाय शोधणारी मंडळी आहेत, कार्डांनी एकमेकांशी कमी वेळा बोलावं अशा पद्धती निघाल्यात. पण "घरबसल्या मोठी मॉडेल ट्रेन करा" असं कोणी म्हणालं तर त्याचा पंखा फिरवून बघा.

एक कार्ड पूर्ण भाराने चाललं तर ३५० वॉट. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला २५२ युनिट. दोन कार्डांचे ५०४. बेस्टच्या बिलात त्याच्याने सरळ वरच्या स्लॅबमध्ये जाता. मीटर कोणाच्या नावावर? माझ्या. त्यातही खरं दुखणं निराळंच होतं. कार्डं बहुतेक वेळ रिकामीच असायची. मशीन लावणारे भरमसाट, भाड्याने घेणारे थोडे. मग नेटवर्क काय करतं, नुसतं हजर राहिल्याबद्दल नवी टोकनं छापून वाटतं. त्याला एमिशन म्हणतात. डीपिन म्हणजे लोकांनी आपापलं हार्डवेअर लावायचं आणि मोबदला टोकनात घ्यायचा, या सगळ्या प्रकाराचं सामायिक नाव. डीपिनचा कुठलाही प्रकल्प दाखवा, मी पहिला प्रश्न हाच विचारणार: हे पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून येतायत की छापखान्यातून?

पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी आमच्या खिडकीतून येणाऱ्या गरम हवेसमोर कपडे वाळत घातले. त्या कार्डांचा खात्रीचा उपयोग तेवढाच झाला.

जुलैत एकदाचं मोठं काम आलं. कोणीतरी दोन्ही कार्डं सलग तीन दिवसांसाठी घेतली. दुसऱ्या संध्याकाळी जिन्यातला दिवा दुरुस्त करायला वायरमन आला आणि त्याने मजल्याचा मेन पाडला. वीस मिनिटं. त्या नेटवर्कचा नियम होता की चालू काम दहा मिनिटांहून जास्त तुटलं तर डिपॉझिट कापणार. कापलं. चाळीस हजारांची टोकनं अडकवली होती, त्यातली जवळजवळ एक तृतीयांश गेली. दाद मागायला माणूस नाही, फोन नंबर नाही, आहे ते स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट. म्हणजे अटी आणि पैसे दोन्ही ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रॅममध्ये बांधलेले; अट मोडली की तो आपोआप कापतो. वायरमनची कथा त्याला सांगता येत नाही.

साडू म्हणाले, यूपीएस तुमचा. मी म्हणालो, नियम तुम्ही वाचले नव्हते. यावर दोन दिवाळ्या गेल्या.

मुळात हा नियम का लागतो ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. रिकामा कॉम्प्युटर दुसऱ्याच्या कामाला देणं ही जुनी कल्पना. बर्कलीचं सेटी अॅट होम, परग्रहावरचे संदेश शोधणारा प्रकल्प, १९९९मध्ये सुरू झालं, लोकांनी टोकनाशिवाय, निव्वळ हौसेने मशीन दिली. ब्लॉकचेन आली ती अनोळखी माणसांत पैशाचा व्यवहार सुरू झाल्यावर. समोरच्याने काम खरंच केलं की थातूरमातूर उत्तर पाठवलं, हे कळणार कसं? एकच काम दोघांना देऊन उत्तर ताडून बघता येतं, पण खर्च दुप्पट. शिवाय वेगळ्या कार्डांवर बेरजांचा क्रम बदलला की दशांशात बारीक फरक पडतो, म्हणजे प्रामाणिक माणूसही खोटा ठरू शकतो. झीरो नॉलेज प्रूफने गणिती पुरावा देता येतो, मात्र मोठ्या मॉडेलसाठी तो बनवणं मूळ कामापेक्षा कितीतरी महाग. टीईई म्हणजे चिपमधला सीलबंद कप्पा, मशीनच्या मालकालाही आत डोकावता येत नाही; एच १००मध्ये ती सोय आहे, ३०९०मध्ये नाही. हे सगळं जमत नाही तिथे उरतं डिपॉझिट. व्हॅलिडेटर, म्हणजे तपासणारे नोड, त्यांचंही डिपॉझिट. म्हणून मालक नाही हे साडूंचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. नियम लिहिणारा आणि ज्याच्याकडे जास्त टोकनं तो, हे मालकच की.

राहिलेल्या संज्ञा भराभर. गॅस म्हणजे ब्लॉकचेनवर व्यवहार नोंदवायचं शुल्क. आकाश, रेंडर, बिटटेन्सर ही अशी काही नेटवर्कं. आकाशवर उलटा लिलाव चालतो, गिऱ्हाईक काम सांगतं आणि मशीनवाले भाव पाडत जातात. रेंडरचा भर मूळचा थ्रीडी चित्रांच्या कामावर. बिटटेन्सरमध्ये वेगवेगळ्या कामांचे सबनेट, म्हणजे छोटी उपनेटवर्कं, असतात आणि त्याच्या टाओ टोकनाची कमाल संख्या बिटकॉइनसारखीच २ कोटी १० लाख. फेडरेटेड लर्निंग यात मिसळू नका. तिथे अनेक मशीन मिळून एक मॉडेल शिकवतात, पण डेटा ज्याच्या त्याच्याकडे राहतो, ब्लॉकचेन लागतेच असं नाही.

कर विसरू नका. एप्रिल २०२२पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के, जुलैपासून १ टक्का टीडीएस, आणि तोटा कशातूनच वजा करता येत नाही. सीएला विचारा, साडूंना नको.

आता थोडं न्यायाने. सगळीच नेटवर्कं स्लॅशिंग करत नाहीत, काहींत डिपॉझिटही लागत नाही. ज्याच्याकडे कार्ड आधीच आहे आणि जो दोन-तीनशे रुपयांची अपेक्षा ठेवून गंमत म्हणून लावतो त्याला मी नाही म्हणणार नाही. आणि आमचा यूपीएस त्या संध्याकाळी चालला होता. मशीन वीस मिनिटं व्यवस्थित सुरू होतं. राऊटर मी दाराजवळच्या साध्या प्लगला लावला होता, तो बंद पडला. साडूंच्या हे अजून लक्षात आलेलं नाही, त्यांना वाटतं बॅटरी गेली. बॅटरी उत्तम होती, लॅमिंग्टन रोडवरून मी स्वतः आणली होती.

तुमचं कार्ड कोणतं, मेमरी किती आणि मीटर कोणाच्या नावावर आहे ते कळवा, मग पुढचं सांगतो.