‘आपला काय संबंध?’ म्हणणाऱ्या आजोबांना पण सोफ्यावर बसवा

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा १४ वर्षांचा. फेब्रुवारीत ब्लॅक हिस्ट्री मंथ, म्हणजे ब्लॅक लोकांच्या इतिहासाचा महिना असतो ना, तेव्हा शाळेत ‘रूट्स’ ह्या गुलामगिरीवरच्या जुन्या सिरीयलचा थोडा भाग दाखवला, तर घरी येऊन म्हणाला मला सगळी बघायचीय. सासरे सहा महिन्यांसाठी आलेत, ते जेवता जेवता म्हणाले त्या काळ्यांच्या भानगडीशी आपला काय संबंध, अभ्यास कर. पोरगा ताट तसंच ठेवून खोलीत गेला, दार आपटलं. ताई विचारतायत, बघू द्यावं का, आणि दिलं तर काय काय?

ताई, बघू द्या. पण एकट्याला हेडफोन लावून नको, हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून, सासऱ्यांसकट.

फक्त सुरुवात ‘रूट्स’ने करू नका, आधी ‘ब्लॅकिश’ लावा. आता कोणी म्हणेल ही तर कॉमेडी, पण २०१४ चा पहिलाच एपिसोड बघा. चांगल्या वस्तीत राहणारं ब्लॅक कुटुंब, बाप जाहिरात कंपनीत, मुलगा आंद्रे शाळेत स्वतःला अँडी म्हणवून घेतो आणि ज्यू मित्रांसारखं मला पण बार मित्झवा (त्यांची मुंजच म्हणा) पाहिजे म्हणतो, की बाप खवळतो आणि घाईघाईत त्याच्यावर काहीतरी आफ्रिकन संस्कार करायला निघतो, आणि आजोबा बाजूला उभे राहून टोमणे मारतायत. हे बघताना मला आपल्याकडच्या मुंजीच आठवल्या, हॉल बुक, गुरुजी बुक, आणि बटूला गायत्री मंत्राचा एक शब्द कळत नाही. हसा पोट धरून, मग मुलाला विचारा शाळेत तुला काय नावाने हाक मारतात. उत्तर ऐकून घ्या, लगेच लेक्चर नको.

मग त्याच सिरीयलचा २०१६ चा ‘होप’ नावाचा एपिसोड. जवळजवळ सगळा एकाच हॉलमध्ये घडतो, टीव्हीवर बातम्या चालूयत, पोलिसावर खटला भरायचा की नाही ह्याचा निर्णय यायचाय, जुळी लहान मुलं प्रश्न विचारतायत आणि आईबाप भांडतायत की ह्यांना किती सांगायचं. आई म्हणते लहानपण टिकू दे, बापाला सगळं खरं सांगायचंय. मग तो ओबामांच्या शपथविधीच्या दिवसाची आठवण काढतो, ते गाडीतून उतरून चालायला लागले तेव्हा आनंदाच्या जोडीला पोटात भीतीचा गोळा आला होता, आता कोणीतरी गोळी घालणार. आमच्याकडे हे बघताना चहा गार झाला. मुलीने हळूच विचारलं, दादाला गाडीचं नवीन लायसन्स मिळालंय, त्याला पोलिसांनी थांबवलं तर? मी रिमोट हातात धरून नुसती बसले, उत्तर द्यायला दोन दिवस लागले. तुम्ही आधीच ठरवून ठेवा.

आता ‘रूट्स’. १४ वर्षांच्या मुलाला चालेल, पण शेजारी बसून. जानेवारी १९७७ मध्ये एबीसीवर सलग आठ रात्री दाखवली आणि अख्खी अमेरिका टीव्हीसमोर बसली होती. गांबियातून पकडून आणलेला कुंटा किंटे, त्याला नवीन नाव ‘टोबी’ दिलंय, ते तो घेत नाही म्हणून तोंडातून येईपर्यंत चाबकाने फोडतात. इथे पॉज करा. आपला श्रीनिवास सॅम होतो ते सोयीसाठी, आपल्यामागे कोणी चाबूक घेऊन उभं नसतं, हा फरक मुलाला स्पष्ट सांगा, नाहीतर ‘आपलं पण सेमच’ म्हणायची सवय लागते आणि ती मला अजिबात पटत नाही. (मूळ पुस्तकावरून वाद झाले, लेखक अ‍ॅलेक्स हेलींना १९७८ मध्ये दुसऱ्याच्या पुस्तकातला मजकूर उचलल्याच्या केसमध्ये तडजोड करावी लागली, तेही सांगून टाका, मुलं गूगल करतातच.)

‘व्हेन दे सी अस’ ही तिसरी सिरीयल मात्र एक-दोन वर्षं थांबून, ती मोठ्यांसाठीचीच आहे. चारच एपिसोड, पण अंगावर येतात. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या बलात्काराच्या केसमध्ये १४ ते १६ वयाची पाच पोरं अडकवली, शिक्षा रद्द झाल्या २००२ मध्ये. त्यातला कोरी तर नुसता मित्राला सोबत म्हणून पोलीस स्टेशनला गेला होता. हे बघून झालं की मुलाला एवढं पाठ करून घ्या, पोलिसांनी प्रश्न विचारायला बसवलं तर आईबाबा आणि वकील येईपर्यंत काही बोलायचं नाही.

राहिले सासरे. त्यांना हातातला पासपोर्ट दाखवा. ब्लॅक लोकांचा मतदानाचा हक्क राखणाऱ्या व्होटिंग राइट्स अ‍ॅक्टवर ऑगस्ट १९६५ मध्ये सही झाली आणि दोनच महिन्यांत, त्यांच्याच हक्कांच्या चळवळीच्या रेट्यात, नवीन इमिग्रेशन कायद्यावर. त्याआधी भारताला वर्षाला कोटा होता १०० जणांचा. त्या लोकांनी मार खाल्ला नसता तर त्यांच्या मुलाला व्हिसा कुठला मिळायला, आणि सासऱ्यांचे सहा महिने कुठले? आणि तरीही ‘आपला काय संबंध’ चालूच राहिलं तर जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ हातात द्या, १८७३ ची. पहिलंच पान, अर्पणपत्रिका, अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना आहे. नातवाला मराठी वाचता येत नसेल तर आजोबांनाच मोठ्याने वाचायला लावा, जेवणाच्या टेबलावरच.