१८ दिवसांचे जुलाब आणि एकच 'नॉर्मल' रिपोर्ट

१८ दिवस जुलाब, दोनदा इमर्जन्सीत सलाईन, शौचाची तपासणी एकदाच आणि तीही नॉर्मल... तुमची पोस्ट वाचून मला माझेच ते दिवस आठवले. मी डॉक्टर नाही, भोगलंय तेवढं सांगते.

इमर्जन्सीवाल्यांवर माझा राग नाही. अंगातलं पाणी आणि क्षार भरून काढणं हे त्यांचं पहिलं काम, ते त्यांनी चोख केलं. अचानक लागलेले जुलाब बहुतेक वेळा विषाणूंचे किंवा जिवाणूंचे असतात, आठवड्याभरात थांबतात. पण १४ दिवस उलटले की परजीवी शोधायलाच हवेत. मला घाण वासाचं, तेलकट शौच होत होतं, पोट फुगायचं, वजन उतरत होतं. ही जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची लक्षणं. कुणी विचारलं नाही आणि मीही लाजून सांगितलं नाही.

सगळ्यात महाग पडला तो एका 'नॉर्मल' रिपोर्टवर ठेवलेला विश्वास. जिआर्डिया रोज शौचातून बाहेर पडतोच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यायचे असतात. त्यात माझा नमुना सकाळी ६चा आणि लॅबमध्ये पोचला दुपारी! पातळ शौचातला जिवंत अमिबा (असाच दुसरा परजीवी) पाहायचा तर नमुना साधारण अर्ध्या तासात सूक्ष्मदर्शकाखाली जावा लागतो. खिडकीवरच्या माणसाने नमुना कधीचा हे विचारलंसुद्धा नाही, डबी तशीच बाजूला सरकवली. एक वाक्य सांगायला काय जात होतं? त्या कागदाच्या भरवशावर मी आणखी पाच आठवडे काढले. शेवटी अँटिजेन तपासणीत, म्हणजे परजीवीची प्रथिनं शोधणाऱ्या तपासणीत, जिआर्डिया सापडला.

तुमच्या डॉक्टरांना अँटिजेन किंवा पीसीआरबद्दल (परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी) स्पष्ट विचारा. क्रिप्टोस्पोरिडियम हा आणखी एक परजीवी नेहमीच्या तपासणीत सहसा दिसत नाही, त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते. घरातलं उरलेलं अँटिबायोटिक नमुन्याआधी घेऊ नका. जंताच्या एका गोळीने अमिबा जात नाही. आणि अमिबा निघालाच, तर मेट्रोनिडाझोल या औषधानंतर आतड्यात उरलेल्यांसाठी दुसरं औषध लागतं, ते राहून जातं. स्टिरॉइड चालू असतील तर आधी सांगा, काही जंत त्यावर जिवावर उठतात.

रक्त पडत असेल, ताप असेल तर जुलाब थांबवणारी गोळी मनाने घेऊ नका. लघवी कमी झाली, उभं राहिल्यावर चक्कर आली तर आजच परत इमर्जन्सीत जा.

जिआर्डिया गेल्यावरही काही आठवडे दूध पचेलच असं नाही. मी घाबरून पुन्हा औषध मागायला निघाले होते, दूध बंद केल्यावर पोट शांत झालं.