खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी घाणेरीच्या जाळीत बसलीय, उचलून खुराड्यात आणू का?

ताई, आधी एवढं ऐका. तिला आत्ता उचलून आणू नका, दिवसाउजेडी तर हातही लावू नका.

तुम्ही लिहिलंय की पिरंगुटच्या प्लॉटवर सहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा मोकळे फिरतात. त्यातली तांबडी १२ दिवस दिसलीच नाही, म्हणून मुंगसानं नेली असं तुम्ही धरून चालला होतात. रविवारी संध्याकाळी ती पिसं फुलवून आली, अधाशासारखी ज्वारी खाल्ली, पाणी प्यायली आणि पुन्हा नाहीशी झाली. मुलानं मागोमाग जाऊन पाहिलं, तर कुंपणाच्या कडेला घाणेरीच्या जाळीत १७ अंड्यांवर बसलेली. घरचे म्हणतात उचलून आणा, तिथं जनावर खाईल. राखणदार म्हणतो राहू द्या. मला दोघांचंही पटतं. आत्ता राखणदाराचं ऐका आणि पिल्लं निघाली की घरच्यांचं.

आमचं घर पौडच्या अलीकडे आहे. लग्न होऊन आले त्या वर्षी आमची एक कोंबडी पेंढ्याच्या उडवीत खुडूक बसली होती. मला वाटलं, बिचारी उघड्यावर बसलीय. भर दुपारी ११ अंडी पाटीत घेतली, कोंबडी बगलेत धरली आणि दोघांना खुराड्यात नेऊन ठेवलं. तिनं एवढा आरडाओरडा केला की शेजारणी बाहेर आल्या. दार उघडताच ती परत उडवीत गेली आणि जिथं अंडी होती त्या रिकाम्या खळग्यावर दोन दिवस बसून राहिली. इकडे अंडी गार पडली. सासूबाईंनी एक फोडून दाखवलं, आत बोटाच्या पेराएवढं पिल्लू होतं. त्या मला काही बोलल्या नाहीत, पण ते पिल्लू मला अजून दिसतं.

तेव्हा कळलं की खुडूक कोंबडीचा जीव अंड्यांत असतो तितकाच, कधीकधी जास्तच, जागेत असतो. जागा तिनं निवडलेली असते. वरून घार-कावळ्याला दिसणार नाही, मागून काही येणार नाही, ऊन थेट लागणार नाही आणि खालची माती थोडी ओल धरून असेल, अशी जागा ती शोधते. घाणेरीची जाळी यात चपखल बसते. शिवाय लपून घातलेल्या अंड्यांचा एक मोठा फायदा आहे. ती रोज जाऊन एक अंडं घालते आणि लगेच निघून येते, उबवायला बसत नाही. पुरेशी अंडी झाली की मगच ठाण मांडते. त्यामुळे सगळ्यांना ऊब एकाच दिवसापासून मिळते आणि पिल्लं एक-दोन दिवसांच्या आत एकदम निघतात. खुराड्यात बाकीच्या कोंबड्या तिच्याखाली रोज नवी अंडी सारत राहतात, मग अर्धी पिल्लं आज, अर्धी आठवड्यानं, असा घोळ होतो.

तुमच्या १७ अंड्यांबद्दल मात्र मला शंका आहे. गावठी कोंबडी एका खेपेला साधारण १० ते १५ अंडी घालते आणि तिच्या पंखाखाली नीट मावतात १०-१२. १७ म्हणजे बहुधा दुसरीही कोणी तिथं घालून गेलीय, कदाचित अजूनही जात असेल. जास्त अंडी असली की कडेची गार पडतात. ती दिवसातून अनेकदा चोचीनं अंडी फिरवते, आतली बाहेर आणि बाहेरची आत, त्यामुळे ही गारठ सगळ्यांच्याच वाट्याला येते आणि चांगलीही वाया जातात. म्हणून कमी करायला हवीत, पण ते काम रात्रीचं.

अंधार पडल्यावर दीड-दोन तासांनी जा, एकट्या नको. पायात बूट, हातात काठी. आधी काठीनं पाचोळा हलवा आणि बॅटरी मारून जमीन नीट बघून घ्या. आपल्या या पट्ट्यात घोणस भरपूर आहे आणि ती पाचोळ्यात पाचोळ्यासारखीच दिसते. अंड्यांसाठी जाळीत आंधळेपणानं हात घालणं या एका गोष्टीला मी कधीच हो म्हणणार नाही. कोंबडी अंधारात शांत असते. एका हातानं तिला छातीखालून अलगद उचला, पंखात अंडं अडकलेलं नाही ना ते बघा आणि दुसऱ्या माणसानं अंडी एकेक करून मोबाईलच्या टॉर्चवर धरावीत. काळा कागद गुंडाळून त्याची नळी केली की उजेड बाहेर फुटत नाही. गावठी अंड्याचं कवच फिकट असतं, सहज दिसतं. सात दिवसांच्या पुढच्या चांगल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं, मधे काळा ठिपका हलतो. १२-१३ दिवसांनी आतला बराच भाग काळपट होतो आणि रुंद टोकाला हवेची पोकळी स्पष्ट दिसते. ज्यातून उजेड स्वच्छ आरपार जातो ते एकतर फळलेलंच नाही किंवा काल-परवाचं नवं आहे. दोन्ही काढून घ्या. घाण वास येणारं किंवा ओलसर सुटलेलं अंडं लगेच काढा, ते खाली फुटलं तर सगळा खोपा नासतो. राहिलेल्या अंड्यांवर पेन्सिलीनं गोल रेघ ओढा. आमच्याकडे कोळशानं ओढतात. पुढच्या खेपेला बिनखुणेचं अंडं दिसलं की ते उपरं.

आता दिवस मोजायचे. उबवण २१ दिवसांची असते. सासूबाई बोटं मोजत नसत. ज्या वारी कोंबडी बसली त्याच वारी तिसऱ्या आठवड्याला पिल्लं, इतका सोपा हिशोब. पण ती पहिल्यांदा दिसेनाशी झाली तोच बसल्याचा दिवस असं धरू नका. अंडी घालायच्या दिवसांत कोंबडी दिवसभर इकडंतिकडं असते, पण रात्री बाकीच्यांबरोबर झोपायला येते. ज्या रात्री ती खुराड्यात आली नाही तो बसल्याचा दिवस. तुमचे १२ दिवस रात्रीच्या गैरहजेरीवरून असतील तर अजून नऊएक दिवस आहेत.

तोवर तिला जगवणं हे खरं काम. ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा, पाव ते अर्धा तास बाहेर येते. खाते, पाणी पिते, मोठी घाण वासाची विष्ठा टाकते, मातीत लोळते आणि परत जाते. एवढ्या वेळात अंड्यांना काही होत नाही, तेव्हा तिला हुसकू नका. ज्वारी, बाजरी, मक्याचा भरडा आणि स्वच्छ पाणी खोप्यापासून दहा-पंधरा पावलांवर ठेवा. अगदी तोंडाशी ठेवलंत तर घुशी आणि मुंग्या येतात, आणि त्यांच्या मागं साप. मातीत लोळायच्या जागी चुलीची राख टाका, पिसवा आणि उवा आवरतात. बसलेल्या कोंबडीच्या अंगावर त्या इतक्या वाढतात की कधीकधी ती वैतागून उठून जाते.

जनावराची भीती खोटी नाही. तीन वर्षांपूर्वी आमची एक कोंबडी मुंगसानं बसल्या जागी मारली. ती उठली नाही, म्हणूनच मेली. सकाळी पाहिलं तर अंडी तिच्याखालीच होती, एक-दोनच फोडलेली. तेव्हापासून मी खोपा आहे तिथंच ठेवते आणि त्याच्याभोवती आडोसा करते. तीन बाजूंनी बाभळीच्या नाहीतर बोरीच्या काट्या दाबून लावायच्या आणि तिची रोजची वाट तेवढी उघडी ठेवायची. रात्री त्या तोंडावर वजनदार डालगं (कोंबड्या झाकायची मोठी टोपली) किंवा बारीक जाळीची चौकट टेकवून दगड ठेवायचा आणि उजाडता उजाडता काढायचा. कोंबडीच्या साध्या जाळीतून साप आणि लहान जनावरं शिरतात, म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डमेश (जोडलेल्या तारांची जाळी) घ्या. धामण दिसली तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा.

जागा बदलायचीच अशी वेळ दोन कारणांनी येते. खोपा पाण्याच्या वाटेवर असेल, किंवा मोकाट कुत्र्यांना सापडला असेल. आत्ता डिसेंबर आहे म्हणून पाण्याची चिंता नाही. आषाढात आपल्या मुळशी भागात अशी जागा एका रात्रीत वाहून जाते. हलवायचंच झालं तर रात्रीच. खालची माती-पाचोळ्यासकट अंडी रुंद पाटीत घ्यायची, अंधाऱ्या शांत खोलीत ठेवायची, कोंबडी वर बसवायची आणि दोन दिवस डालगं पालथं घालून अंधारात ठेवायची. रोज एकदा समोर उभं राहून सोडायचं. तरीही दहातल्या काही कोंबड्या बसत नाहीतच.

१८व्या दिवसानंतर अंडी बघणं बंद. आतलं पिल्लू फिरून चोच हवेच्या पोकळीकडे नेत असतं. निघायच्या आदल्या दिवशी जवळ जाऊन कान द्या, कवचाच्या आतून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी घशातल्या घशात हलक्या आवाजात उत्तर देते. त्याच आवाजावर पिल्लं पुढं तिच्यामागं चालतात. इतक्या वर्षांनी अजूनही मी त्या संध्याकाळी हातातलं काम टाकून तिथं जाऊन बसते. कवचाला पहिला टवका पडल्यापासून पूर्ण बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात. सोलून मदत करू नका, आतल्या पातळ पडद्यातल्या रक्तवाहिन्या तुटतात आणि पिल्लू दगावतं.

आता घरच्यांचं ऐकायची वेळ. लपलेल्या खोप्यात अंड्यांतून पिल्लं चांगली निघतात, घात होतो तो पहिल्या आठवड्यात. कोंबडी पिल्लं घेऊन गवतातून फिरते आणि कावळा, घार, भारद्वाज, मांजर रोज एकेक उचलतात. १२ पिल्लं घेऊन आलेली कोंबडी आठव्या दिवशी तिघांना घेऊन फिरताना मी पाहिलीय. म्हणून बहुतेक पिल्लं सुकून फुललेली दिसली की त्याच रात्री सगळ्यांना आणा. आधी पिल्लं टोपलीत घ्या, त्यांचा आवाज ऐकून आई मागं येते किंवा उचलू देते. तेव्हा ती टोचणार, जाड कपडा हाताला गुंडाळा. पहिल्या एक-दोन दिवसांत पिल्लांना खायला मिळालं नाही तरी चालतं, पोटात ओढून घेतलेला पिवळा बलक पुरतो. त्यामुळे घाई करून अर्धवट निघालेल्यांना उचलू नका.

मागं राहिलेली अंडी कोंबडी सोडून देते. ती लगेच फेकू नका. कानाला लावा, आवाज असेल किंवा टवका असेल तर सुती फडक्यात गुंडाळून खोक्यात ४० वॅटच्या पिवळ्या बल्बखाली ठेवा. वाटीत पाणी ठेवा आणि थर्मामीटर लावून ३७-३८ अंश राखा. निघालेलं पिल्लू सुकलं की रात्री आईच्या पोटाखाली सरकवा, सकाळी ती ओळख विचारत नाही.

पहिले पंधरा दिवस पिल्लं आणि आई डालग्याखाली किंवा जाळीच्या खोलीत. पाणी उथळ ताटलीत, त्यात गोटे टाका, नाहीतर बुडतात. खायला तांदळाची कणी, ज्वारीचा बारीक भरडा आणि जमलं तर चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. आमच्याकडे जुन्या मडक्यात ओलं गोणपाट, शेण आणि पेंढा भरून वारुळाशी संध्याकाळी पालथं घालतात. सकाळी त्यात वाळवी भरलेली असते. पिल्लं त्यावर तुटून पडतात आणि झपाट्यानं वाढतात. खालचं तूस कोरडं ठेवा, ओल राहिली की रक्ती हगवण लागते.

आणि लस. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाला लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, मानमोडीसाठी (राणीखेत रोग). कुपी निदान १०० मात्रांची असते आणि विरघळवली की एक-दोन तासांत संपवावी लागते, तोवर बर्फावर. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा आणि शेजारच्या चार घरांची पिल्लं त्याच दिवशी गोळा करा. उन्हाळ्यात मानमोडी आली की अख्खा वाडा आठवड्यात रिकामा होतो, आणि तुमची ही पिल्लं नेमकी तेव्हा तीन-चार महिन्यांची असतील. महिन्यानं लासोटा पुन्हा, आठव्या आठवड्याला आर२बी, ही मानमोडीचीच दुसरी लस.

आज रात्री अंडी टॉर्चवर धरून किती राहिली ते लिहा. आणि तांबडी शेवटची खुराड्यात कोणत्या वारी झोपली होती ते राखणदाराला विचारा, तारीख मी काढून देते.