पहिल्या युनिटला गार्ड ड्यूटी: ओळखीचे साहेब आले तरी थांबवायचं का?

मोहोळकडच्या भावानं विचारलंय की बेळगावचं ट्रेनिंग झालं, सुट्टी संपली की पहिल्या युनिटला जायचंय, तिथं नव्या पोरांना लगेच गार्डला लावतात म्हणे, तर संतरी म्हणून उभं राहिल्यावर बघायचं काय, ओळखीचे साहेब आले तर थांबवायचं का, आणि दहशतवादावरचं जे लेक्चर झालं त्यातलं कामाचं किती. शेवटी हेही विचारलंय की वडील गावात डिजिटल बोर्ड लावतो म्हणतेत, लावू द्यावा का. मी पायदळातून पेन्शन आलो आणि नंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) भरती झालो, डीएससीचं कामच डेपो नाहीतर एअरबेसच्या गेटवर उभं राहायचं, त्यामुळं ह्या विषयावर जरा जास्त बोलतो, सांभाळून घे.

पहिलं ओळखीच्या साहेबांचं, कारण नवीन पोरगं हितंच अडकतंय. आपल्याकडची पोरं मोठ्या माणसाला "तुम्ही कोण" असं विचारायला लाजतात, घरी तशीच सवय लागलेली असते, त्यात समोर खांद्यावर स्टार असलेला माणूस, मग काय, हात आपोआप सॅल्यूटला जातोय आणि गेट उघडतंय. वर्दी म्हणजे ओळखपत्र नव्हे हे डोक्यात पक्कं बसव. 14 मे 2002 ला जम्मूजवळ कालूचकला जे तिघं दहशतवादी आले ते फौजी वर्दीत होते, हिमाचल रोडवेजच्या बसमधून आले, आधी बसमधल्या लोकांवर गोळ्या झाडल्या आणि मग फॅमिली क्वार्टरमध्ये घुसले, बायका-लेकरं धरून तीसच्या आसपास माणसं गेली. 29 नोव्हेंबर 2016 ला जम्मूजवळच्याच नगरोट्याच्या आर्मी कॅम्पात पोलिसांच्या वर्दीत आले. त्यात सात जण शहीद झाले, त्यातले मेजर कुणाल गोसावी आपल्या पंढरपूरचे. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला ही घटना वेगळी सांगायची गरज नाय.

म्हणून थांबवायचं. सगळ्यांना. सीओ साहेबांना, म्हणजे युनिटच्या मुख्य साहेबांना पण. आणि घाबरू नको, चांगला ऑफिसर त्यासाठी रागवत नाय, उलट ड्यूटी ऑफिसर रात्री मुद्दाम भलत्या बाजूनं येतो, गाडी लांब सोडून चालत येतो, संतरी काय करतोय ते बघायला. न विचारता कडक सॅल्यूट मारलास तर सकाळी साहेबांसमोर तुझी पेशी ठरलेली, आणि "थम! कौन आता है?" म्हणून लांबच उभा केलास तर तोच माणूस दुसऱ्या दिवशी रोलकॉलला तुझं नाव घेईल. चिडणारा एखादा भेटतो, नाही असं नाय, पण त्याला काय ते गार्ड कमांडर बघून घेईल, तुझ्या पाठीशी पोस्टच्या लेखी ऑर्डर आहेत.

थांबवायची पण रीत आहे बरं का. नवीन पोरं माणूस अगदी अंगाशी आल्यावर ओरडतात, तोवर उशीर झालेला असतो. आवाज पहिल्यांदा लांबूनच गेला पाहिजे, तो उजेडात आणि तू अंधारात, आडोशाला. हात वर घ्यायला सांग, चार जण असतील तर एकालाच ओळख द्यायला पुढं बोलाव, बाकीचे जागेवर. पासवर्ड हळू आवाजात, कारण मोठ्यानं बोललास तर झाडामागं बसलेल्याला पण कळणार. गाडी असेल तर मोठ्या लाइट बंद, आतली लाइट चालू, ड्रायव्हर सीटवरच, एक जण खाली उतरून कार्ड दाखवणार. कार्ड बघताना फोटो बघ आणि तोंड बघ, दोन्ही बघ, नुसतं कार्ड हातात घेऊन परत देणारे लय बघितलेत. आणि एक जण कार्ड बघतोय तेव्हा दुसरा संतरी मागं आडोशाला थांबून गाडीवर नजर ठेवणार, दोघांनी एकाच खिडकीत डोकं घालायचं नाय.

आता वेळ काढायचं. साधारण दोन तास ड्यूटी आणि चार तास रेस्ट असं चक्र असतंय, युनिटमध्ये माणसं कमी असली की तेही बिघडतंय. रात्री दोन ते पाचमध्ये शरीरच साथ देत नाय, त्याला इलाज एकच, रेस्टमध्ये मोबाइल न बघता झोपायचं. आणि ड्यूटीवर मोबाइल तर अजिबात नको. शिस्तीचं सोड, डोळ्यांसाठी सांगतो. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि स्क्रीन एकदा बघितली की ती कमाई गेली, परत पहिल्यापासून. अंधारात एखादी गोष्ट नीट दिसत नसेल तर तिच्याकडं थेट रोखून बघू नको, किंचित बाजूला बघ, जास्त स्पष्ट दिसतंय, कारण कमी उजेडात बघणाऱ्या पेशी डोळ्याच्या मधोमध नसतात. आपल्या सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या पोराला तिकडची थंडी लय लागते, मग कानटोपी पार कानाखाली ओढून उभा राहतो, आणि ऐकू काय येतंय तर शून्य. रात्री अर्धी ड्यूटी कानानं होते, एक कान तरी उघडा ठेव. पहिल्या गार्डच्या आधी दिवसा उजेडात पोस्टवर एक चक्कर मार, कुठलं झुडूप कुठं आहे, तार कुठं ढिली आहे, कुठली लाइट बंद आहे ते बघून ठेव, नाहीतर रात्री प्रत्येक झुडूप माणूस वाटतंय.

चार्ज घेताना घाई करायची नाय. आधीचा संतरी झोपेत असतो, "सब ठीक है" म्हणून पळतो. त्याला थांबव, कुलूप-सील स्वतः हात लावून बघ, फोन उचलून टोन येतोय का बघ, काही वेगळं दिसलं होतं का विचार. रिलीफ, म्हणजे तुझ्या जागी येणारा संतरी, गार्ड कमांडरनं आणल्याशिवाय पोस्ट सोडायची नाय आणि आपलं हत्यार कुणाच्या हातात द्यायचं नाय, जरा बघू दे म्हणणाऱ्या सीनियरला पण नाय. गोळी चेंबरमध्ये कधी भरायची, फायर कधी करायचं हे त्या पोस्टच्या ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं, ते वाचून सही कर, न वाचता नको. हितं कुणाचं ऐकून ठरवू नको, माझं पण.

लेक्चरचं विचारलंस. त्यातल्या संघटनांची नावं आणि शॉर्टफॉर्म विसरलास तरी चालतंय, रेकी, म्हणजे आधी येऊन जागा हेरणं, हा एक भाग विसरू नको. हल्ला करणारा त्याच दिवशी पहिल्यांदा येत नाय, त्याच्या आधी कुणीतरी येऊन बघून गेलेलं असतंय. 26/11 च्या आधी डेव्हिड हेडली मुंबईला कितीदा तरी आला, ताजमध्ये राहिला, व्हिडिओ काढून नेले. आणि तो कोण, तर अमेरिकन पासपोर्टवाला, 2006 मध्ये नाव बदलून घेतलेला, गोरा-घारा माणूस. म्हणून दाढी आणि टोपी बघून संशय घेणारा संतरी माझ्या मते बिनकामाचा, खरा माणूस त्याच्या शेजारून निघून जातोय. बघायचं ते वागणं. गल्लीच्या तोंडाला बसलेल्या म्हातारीला जसं बरोबर कळतं की आज कोण नवीन आलं आणि कोण कुठल्या टायमाला गेलं, तशी गेटची रोजची चाल तुला पाठ झाली पाहिजे. मग दूधवाला तोच पण गाडी वेगळी, एकच मोटारसायकल तासाभरात तिसऱ्यांदा, गार्ड कधी बदलतो असं सहज विचारणारा पानवाला, हे आपोआप खटकतंय. खटकलं की रजिस्टरमध्ये वेळ आणि गाडी नंबरसकट लिही आणि गार्ड कमांडरला सांग. हसतील एखादवेळी, हसू देत. 2016 च्या जानेवारीत पठाणकोटला अलर्ट आधीच आलेला होता, आदल्या रात्री एका पोलीस अधिकाऱ्याची गाडी पळवल्याची खबरही होती, तरी दहशतवादी एअरबेसच्या आत शिरले. खबर असणं आणि गेटवरच्या माणसापर्यंत ती पोचून त्यानं ती मनावर घेणं, ह्यात लय अंतर आहे.

बेवारस बॅगेचं थोडक्यात. पुण्यात जर्मन बेकरीत 13 फेब्रुवारी 2010 ला बॅगच होती, 17 माणसं गेली. हात लावायचा नाय, पायानं सरकवायची नाय, पाणी ओतायचं नाय, शेजारी उभं राहून वायरलेस किंवा मोबाइल वापरायचा नाय. माणसं लांब आणि भिंतीआड घे, काचेपासून दूर, आणि बॉम्बवाले येईपर्यंत कुणाला फिरकू देऊ नको. सुट्टीवर सोलापूर स्टेशनला किंवा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत असलं काय दिसलं तर फौजी आहे म्हणून पुढं होऊ नको, 112 लाव आणि लोकांना मागं घे.

तुकाराम ओंबळे साहेबांचं उदाहरण सगळेच देतात, हातात काठी आणि त्यांनी कसाबची रायफल धरून ठेवली म्हणून तो जिवंत सापडला. पण त्याच्या आधीचं कुणी बोलत नाय. गिरगाव चौपाटीला नाकाबंदी लागलेली होती, वायरलेसवर कसाबच्या गाडीचा मेसेज आलेला होता, आणि त्या पोलिसांनी ती गाडी अडवली. गार्डचं काम तेवढंच असतंय, अडवणं. फायर झालाच तर आधी आडोसा आणि आरडाओरडा, अलार्म, क्यूआरटी, म्हणजे मदतीला तयार ठेवलेली तुकडी, बाहेर पडली पाहिजे. एकट्यानं मागं धावायचं नाय, पोस्ट उघडी पडते.

आता घरचं. कर्नाटक एक्सप्रेसला बसलास की समोरचे काका विचारणारच, फौजी का, कुठं पोस्टिंग, किती जण आहात. माणूस चांगलाच असतो बहुतेक वेळा. "तिकडं वर, थंडीत" म्हणायचं आणि शेंगाचटणीचा डबा पुढं करायचा, विषय बदलतोय. फेसबुकवर अचानक ओळख काढणाऱ्या पोरी, हेडक्वार्टरमधून बोलतोय म्हणून नॉमिनल रोल (युनिटमधल्या माणसांच्या नावांची यादी) मागणारे फोन, हे सगळं एकाच जातीचं. 2020 ला आर्मीनं फेसबुक-इन्स्टासकट 89 ॲप काढायला लावली ती उगीच नाय. ह्यात सापडलेल्यांवर 1923 च्या ऑफिशियल सिक्रेट्स कायद्याखाली केस झाल्यात, नोकरी तर गेलीच.

आणि बोर्ड. वडिलांचं मन मोडू नको, लावू दे. आमच्याकडच्या एका गावात वेशीवरच्या बोर्डावर पोराचा वर्दीतला फोटो, युनिटचा नंबर, पोस्टिंगचं गाव, जॉइन व्हायची तारीख आणि खाली वडिलांचा मोबाइल, सगळं छापलं होतं, वर शुभेच्छुकांचे बारा फोटो. तसला नको. साध्या कपड्यातला फोटो, तुझं नाव, "भारतीय सैन्यदलात निवड झाल्याबद्दल अभिनंदन", शुभेच्छुक हवे तेवढे. छापायच्या आधी डिझाइन स्वतः बघ, कारण बोर्डवाला जुन्या फाइलमधलं रणगाड्याचं चित्र आणि कुणातरी दुसऱ्याच्या युनिटचा बिल्ला टाकतोच.