ठिकाण त्यानेच का निवडायचं?

ताई, नमस्कार.
लग्नाला अकरा वर्षं झाली. दोघंही नोकरी करतो, फिरायची दोघांनाही हौस. भांडणाचं कारण ऐकून लोक हसतील म्हणून कुणापाशी बोलले नाही. प्रवासात जेवायची वेळ झाली की नवऱ्याच्या हातात फोन येतो. लोकांनी काय लिहिलंय ते वाचायचं, फोटो बघायचे, तीन-चार दारांवरून मागे फिरायचं. यात पाऊण तास जातो, कधी तासही. मी म्हणत असते, "अरे, मला कुठेही चालेल, बसू या." शेवटी बसतो तोवर माझी भूक मेलेली असते आणि बोलायची इच्छाही. वर हा जेवता जेवता म्हणणार, "त्या पहिल्या ठिकाणी बहुतेक जास्त चांगलं मिळालं असतं."
घरी परतलो की हाच माणूस दर शनिवारी त्याच हॉटेलात, त्याच टेबलावर. मेन्यू उघडतसुद्धा नाही. माझंही तोच सांगून टाकतो आणि मग फोन. गेल्या शनिवारी शेजारच्या टेबलावरची दोघं अखंड बोलत होती. ते बघून मला रडू आलं. एखादी जागा फसली की मी चिडून बोलते, हे कबूल करते. पण आमच्यात काही उरलंय का, असं वाटायला लागलंय. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं ठरतंय. नाही म्हणू का?
— एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

यात हसण्यासारखं काही नाही. वर्षानुवर्षं जिच्यासोबत किंवा ज्याच्यासोबत जेवायचं, त्या माणसासमोर बसून एकटं वाटणं हे दुःखच आहे. तू ते लिहिलंस हे बरं केलंस.

तुझ्या पत्रात मला दोन नवरे दिसले. प्रवासातल्या नवऱ्याला कुठलीच जागा पसंत पडत नाही, आणि घरचा नवरा पसंतीच्या भानगडीतच पडत नाही. तू दोघांचाही अर्थ एकच लावलास, की त्याला माझी पर्वा नाही. मला मात्र तुझ्या शेवटच्या काही ओळींतलं एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. "एखादी जागा फसली की मी चिडून बोलते." हे तू जाता जाता लिहिलंस, पण दोन्ही नवऱ्यांचं मूळ तिथेच असावं असा माझा अंदाज आहे.

"मला कुठेही चालेल" हे तू मोकळ्या मनाने म्हणतेस, याबद्दल मला शंका नाही. पण त्याच्या बाजूने बघ. त्यातून तुला काय हवंय हे त्याला कळत नाही. किती लांब चालायची तयारी आहे, गर्दी नको आहे का, हलकं खायचंय की पोटभर, यातलं काहीच नाही. निवड त्याची, फसली तर चूकही त्याची, आणि ती फसली हे ठरवायचा हक्क तुझा. असं असल्यावर माणूस काय करेल? ज्यात कुणालाच खोट काढता येणार नाही अशी जागा शोधत बसेल. तशी जागा नसते, म्हणून शोध संपत नाही. घरी परतल्यावर मात्र त्याच्याकडे अशी एक जागा आहे, जिथे आजवर तू काही बोलली नाहीस. मग तिथे त्याने मेन्यू कशाला उघडायचा?

अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी 1950च्या दशकात मांडलं होतं, की माणूस सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम निवडूच शकत नाही. पुरेसं चांगलं काही सापडलं की तो थांबतो, आणि त्यात शहाणपण आहे. पुढे 2002 साली मानसशास्त्रज्ञ बॅरी श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं, की नेहमी सर्वोत्तमाच्याच मागे असणारी माणसं एकंदरीत कमी समाधानी असतात आणि त्यांना पश्चात्तापही जास्त होतो. "पहिल्या ठिकाणी जास्त चांगलं मिळालं असतं" हा तोच पश्चात्ताप आहे. तुला तो टोमणा वाटतो, पण तो स्वतःशीच हिशोब करत असतो. आणि तुझा नवरा मुळात तसल्या स्वभावाचा नाही, हे त्याच्या शनिवारांवरूनच दिसतं. स्वभाव असता तर तो घरीही भटकला असता. प्रवासात त्याला भीती असते. जवळ पर्याय कमी, वेळ मोजका, आणि समोर तू उपाशी.

त्याला एक गोष्ट नक्की सांग. अशा ठिकाणांबद्दल लिहायची तसदी बहुतेक फार खूश झालेली किंवा फार चिडलेली माणसं घेतात. ज्यांचं जेवण बरं झालं ती घरी जाऊन झोपतात. त्यामुळे दोन जागांना लोकांनी फोनवर दिलेल्या गुणांत दशांशाचा फरक दिसला, तर आज रात्री तुमच्या ताटात काय येईल हे त्यावरून कळत नाही. फार वाईट जागा टाळायला त्या गुणांचा उपयोग आहे, तेवढाच करावा.

आता भुकेबद्दल, कारण तुमची निम्मी भांडणं तिचीच असावीत. ब्रॅड बुशमन आणि सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 107 विवाहित जोडपी होती. रोज संध्याकाळी प्रत्येकाने रक्तातली साखर मोजायची आणि जोडीदारावर जितका राग असेल तितक्या टाचण्या एका बाहुलीला टोचायच्या, असं 21 दिवस चाललं. ज्यांची साखर कमी, त्यांच्या टाचण्या जास्त निघाल्या. बाहुली आणि टाचण्यांवरून कुणाच्या संसाराचा निकाल लावू नये, हे मला मान्य आहे. पण उपाशीपोटी उभ्याउभ्या घेतलेला निर्णय आणि त्यावरचा वाद, दोन्ही वाईट होतात, हे तुम्ही दोघांनी अनुभवलंच आहे. प्रवासात त्यात भर पडते. दूरच्या देशात गेलं तर पहिले काही दिवस शरीर जुन्याच वेळेला जेवण मागतं, आणि अनेक ठिकाणी दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मध्ये स्वयंपाकघरं बंद असतात. तेव्हा रात्रीची जागा दुपारी, पोट भरलेलं असताना ठरवा. आणि पिशवीत काहीतरी खायला ठेव, म्हणजे उशीर झाला तरी तोंडातून नको ते निघणार नाही.

ठरवायचं कुणी, तर एक दिवस तू, एक दिवस तो. ज्याचा दिवस नाही त्याने आधीच दोन-तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या: इतकंच चालेन, अमुक नको, इतक्या वाजेपर्यंत बसायचंय. त्यापुढे गप्प. शोधायला पंधरा मिनिटं, त्यात जे बरं दिसेल ते. आणि टेबलावर बसल्यावर त्या जागेचा निकाल कुणीही द्यायचा नाही, तू चिडून नाही आणि त्याने हळहळून नाही. काही बोलायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

तुझा दिवस तुला वाटतो तितका सोपा जाणार नाही. तू निवडलेल्या जागी जेवण बेचव निघेल आणि समोर तो दमलेला असेल, तेव्हा इतकी वर्षं तो कशाला घाबरत होता हे तुला कळेल. ते कळलेलं त्याला सांग. माझ्या मते त्या एका बोलण्याने बाकीच्या सगळ्या नियमांपेक्षा जास्त फरक पडेल.

शनिवारच्या बाबतीत मी पूर्णपणे तुझ्या बाजूची आहे. तुझं जेवण त्याने सांगणं हे थांबलंच पाहिजे. अकरा वर्षांपूर्वी तुला आवडायचं तेच आजही आवडतं, हे त्याने गृहीत धरलंय. वेटर आला की आधी तू बोल. डॅन एरिएली आणि जोनाथन लव्हाव यांनी 2000 साली एका अभ्यासात दाखवलं, की टेबलावर एकेकाने मोठ्याने सांगायचं असेल, तर नंतरची माणसं वेगळं दिसावं म्हणून भलतंच मागवतात आणि मग त्यांना ते कमी आवडतं. सगळ्यात आधी सांगणाऱ्याचं मात्र असं होत नाही. यात तुझ्यासाठीही एक इशारा आहे. तो नेहमीचंच घेतो म्हणून मुद्दाम त्याच्या उलट काही मागवू नकोस. तुला खरंच जे खावंसं वाटतंय, ते सांग.

फोनबद्दल फार लिहीत नाही. कॅफेत आपल्या माणसांबरोबर जेवणाऱ्या 300हून अधिक जणांवरचा एक अभ्यास 2018 साली आला. ज्यांचे फोन टेबलावर होते, त्यांना त्या भेटीचा आनंद कमी मिळाला. तेव्हा दोघांचेही फोन बॅगेत जाऊ देत, उलटे करून टेबलावर नकोत.

पण ते हॉटेल मात्र सोडायला लावू नकोस. आठवडाभर कामाच्या ठिकाणी निर्णय घेऊन आलेल्या माणसाला काहीच ठरवावं लागत नाही अशी एक खुर्ची लागते, आणि त्याने ती तुझ्यासमोरची निवडली आहे. महिन्यातला एक शनिवार नव्या जागेचा ठेवा, बाकीचे त्याचे. आर्थर एरन आणि सहकाऱ्यांच्या 2000 सालच्या प्रयोगांत ज्या जोडप्यांनी एकत्र मिळून काहीतरी नवं आणि उत्साहाचं केलं, त्यांना थोड्या वेळातच आपलं नातं अधिक चांगलं वाटलं. कंटाळवाणं काम केलेल्या जोडप्यांना तसं वाटलं नाही. नवेपणाचा उपयोग होतो, पण तो दर आठवड्याला हवा असं नाही.

शेजारच्या टेबलावरची ती दोघं तू फक्त एक संध्याकाळ पाहिलीस. कदाचित ती खूप दिवसांनी भेटली असतील. प्रवासात बोलायला विषय आपोआप मिळतात, रस्ता चुकतो, कुणीतरी भेटतं. घरच्या शनिवारी ते आपण घेऊन जावे लागतात. तुम्ही दोघं नोकरी करता, म्हणजे दिवसभर वेगवेगळ्या माणसांत असता. त्यातलं काहीतरी शनिवारसाठी राखून ठेव, निघताना घाईघाईत सांगून टाकू नकोस.

काही उरलंय का, असं विचारलंस. तुझं जेवण फसू नये म्हणून जो माणूस अजून तासभर धडपडतो, त्याला तुझी पर्वा नाही असं मी म्हणणार नाही. मात्र हे सगळं त्याच्याशी नीट बोलल्यावरही त्याने उडवून लावलं, किंवा ही शांतता टेबलापुरती नसून घरातही सगळा आठवडा असेल, तर प्रश्न हॉटेलचा नाही. मग दोघांनी मिळून विवाह समुपदेशकाकडे जा, आणि ते लांबणीवर टाकू नका.

सहलीला नाही म्हणू नकोस. निघण्याआधी एखाद्या शनिवारी, जेवण झाल्यावर, हे पत्र त्याला वाचायला दे आणि सांग, की पहिल्या दिवसाची जागा तू ठरवणार आहेस. तो विचारेल, "कुठे?" तेव्हा एक नाव तयार ठेव.

तुझी,
ताई