शिजवून वाळवलेलं फिशमील परदेशातून आणायलाही सॅनिटरी परमिट का लागतं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: व्हिएतनामहून फिशमील, म्हणजे वाळवलेल्या मासळीची भुकटी, आणून कोंबडी आणि कोळंबीचं खाद्य बनवायचंय. माल शिजवलेला, वाळवलेला, दळून पोत्यांत भरलेला आहे, मग त्यात रोग कसला? आणि सप्लायर म्हणतोय, माल लोड करतो, कागद मागाहून बघू.

आधी त्या सप्लायरला थांबवा. मी न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंगचं, म्हणजे आलेला माल कागदपत्रं करून सोडवायचं काम करतो. अडकलेल्या कंटेनरची चौकशी करायला गेलं की बहुतेकदा हेच वाक्य कानावर येतं. परमिट हातात येण्याआधी माल जहाजावर चढला, तर पुढे कोणाच्याही ओळखीचा उपयोग नाही. माल परत पाठवा नाहीतर नष्ट करा, खर्च तुमचाच.

नियम जुना आहे. १८९८ चा पशुधन आयात कायदा २००१ मध्ये दुरुस्त झाला आणि प्राण्यांपासून बनलेली उत्पादनंही सरळ त्याच्या कक्षेत आली. सध्याची पद्धत २०१४ च्या अधिसूचनेवर चालते. अर्ज केंद्राच्या मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन मंत्रालयाकडे करायचा. माल कोणत्याही बंदरात उतरवता येत नाही, जिथे ॲनिमल क्वारंटाइनची, म्हणजे प्राणिज माल रोगांसाठी तपासायची सोय आहे तिथेच. तुमच्यासाठी मुंबई सोयीची. परमिट म्हणजे आयातीचा कोटा किंवा लायसन नव्हे. या मालासाठी भारताच्या आरोग्यविषयक अटी काय आहेत, ते सांगणारा तो कागद आहे. म्हणून तो आधी लागतो. अटी वाचूनच तिकडच्या सरकारी पशुवैद्यकाला दाखला द्यायचा असतो.

आता ‘शिजवलेला आहे’ या मुद्द्याकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. कुकरमधून निघालेला माल स्वच्छ असतो, हे बरोबर. जागतिक पशुआरोग्य संघटनाही पुरेशी उष्णता दिलेल्या फिशमीलला बऱ्याच जलचर रोगांच्या बाबतीत सुरक्षित धरते. पण त्यानंतर तो माल थंड होतो, दळला जातो, पोत्यांत भरला जातो. कच्च्या मासळीच्या बाजूची धूळ, तेच फावडं, तेच गमबूट, शेडमधले पक्षी आणि उंदीर, कुठूनही साल्मोनेला हा आजारी पाडणारा जिवाणू परत शिरतो. कोरड्या मालात तो वाढत नाही, पण महिनोन्‌महिने जिवंत राहतो. साल्मोनेला अगोना हा प्रकार १९७० च्या सुमारास अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स, इस्रायल अशा देशांत अचानक वाढला. माग काढल्यावर तो पेरूहून आलेल्या फिशमीलपर्यंत पोचला. कोंबड्यांनी ते खाल्लं, माणसांनी कोंबड्या खाल्ल्या. युरोपात आज अशा मालाचे २५-२५ ग्रॅमचे पाच नमुने तपासतात आणि एकातही साल्मोनेला चालत नाही.

दुसरी भीती भेसळीची. मॅड काऊ या गुरांच्या मेंदूच्या रोगानंतर युरोपने २००१ पासून पाळीव जनावरांच्या खाद्यात प्राणिज प्रथिनांवर जवळपास सरसकट बंदी घातली. फिशमीलला कोंबड्या-डुकरांसाठी सूट मिळाली, तीही अटींसकट, कारण त्याच गिरणीत किंवा त्याच ट्रकमध्ये हाडामांसाची भुकटी असू शकते. नुसत्या डोळ्यांना दोन्ही तपकिरीच दिसतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शक आणि डीएनए तपासणी आली, आणि ‘रवंथ करणाऱ्या जनावरांचा अंश नाही’ हे वाक्य दाखल्यांत रुळलं.

उद्या कोणी स्वस्तात गोठवलेली अख्खी मासळी खाद्य म्हणून देऊ केली, तर ते प्रकरण पूर्ण वेगळं, हे लक्षात ठेवा. बर्फाने विषाणू मरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर १९९५ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये पिलचर्ड, म्हणजे आपल्या तारलीच्या जातकुळीतले मासे, हजारो किलोमीटरच्या पट्ट्यात मेले. कारण एक हर्पिस विषाणू. तिथल्या ट्यूना पिंजऱ्यांत परदेशी गोठवलेले पिलचर्ड खायला घालत असत आणि संशय त्यावरच गेला. सिद्ध झालं नाही, पण संशय पुसलाही गेला नाही.

व्हिएतनामच्या मालाबाबत मी पहिला प्रश्न विचारेन: मासा कुठला? समुद्रातला की तलावातला? तिकडे पंगास या तळ्यात पाळल्या जाणाऱ्या माशाचे फिले (बिनकाट्याचे तुकडे) काढून उरलेल्या डोकी-काट्यांचंही फिशमील बनतं. ते वाईट असतं असं नाही, पण कागदावर ‘सागरी मासळी’ आणि पोत्यात पंगास असं व्हायला नको. शिवाय उद्या हेच खाद्य कोणी पंगासच्या तळ्यात टाकलं, तर माशाला त्याच जातीचा मासा खाऊ घातल्यासारखं होतं. पाळलेल्या माशांसाठी युरोपात त्याला मनाई आहे.

कारखान्याचा मंजुरी क्रमांक, उष्णता किती अंशांना आणि किती मिनिटं, पॅकिंग कुठे, हेही लेखी घ्या. परमिटसोबतचा दाखल्याचा नमुना सप्लायरला पाठवा आणि त्यातला शब्द न शब्द तसाच उतरवायला सांगा. परमिटवर ‘फिशमील’ आणि दाखल्यावर ‘खाद्य घटक’ एवढ्या फरकावरही फाइल परत येते. मग सीएफएसचं (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचं) भाडं आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर वेळेत परत न दिल्याचा आकार) रोज चढत राहतं. नमुने घेताना अधिकारी दारातल्या पोत्यावर भागवेल असं समजू नका. आतली पोती ओढून पोकळ सळई मधोमध खुपसतात. लॉट नंबर पुसलेला निघाला की तिथेच प्रश्न सुरू होतात.

आणखी एक, हे रोगाचं नाही, आगीचं आहे. फिशमील आपोआप तापतं आणि पेटतं, म्हणून जहाजावर ते धोकादायक मालात मोडतं. अँटिऑक्सिडंट घातल्याचा दाखला नसेल तर शिपिंग लाइन बुकिंगच नाकारेल. तो दाखलाही परमिटच्या अर्जाबरोबरच मागून ठेवा.